शेऱ्याचा रकाना

नदीत उतरताना ते चपला काढत. पाणी घोट्याइतकं असो नाहीतर मांडीइतकं, चपला काठावर, एक इकडे आणि एक तिकडे, घरात शिरताना माणूस भिरकावतो तशा. पाणी मोजायची पट्टी वाचायला खरं तर पाण्यात उतरायची गरजच नव्हती. खात्याने काठाला दगडी पायऱ्या बांधून दिल्या होत्या. तिसऱ्या पायरीवर उभं राहिलं की आकडे दिसत. पण नाना रोज सकाळी आठ वाजता पाण्यात उतरत, ओंजळीत पाणी घेऊन त्याचा वास घेत आणि मगच पट्टीकडे बघत.

मी एकदा विचारलं, "वास कशाला घेता, नाना?"

"तुमी हापिसात शिरल्यावर आदी सायबाचं तोंड बघता का न्हाई? तसंच हाय."

आमच्या खात्यात त्यांच्या हुद्द्याला गेज रीडर म्हणत. नदीत रोवलेल्या रंगीत पट्टीवर पाणी किती चढलं, किती उतरलं ते रोज वहीत लिहायचं, एवढंच काम. गावातले लोक त्यांना गेजवाले नाना म्हणत. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, नदीचंही नाही. माझं लिहायची तर अजून हिंमत होत नाही. हे सगळं नगर जिल्ह्यातलं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं, एवढं पुरे. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. आज पन्नाशी ओलांडली आहे. मधल्या काळात असा एकही उन्हाळा गेला नाही, ज्यात तो माणूस मला आठवला नाही.

मी पारनेरचा. पाटबंधाऱ्याच्या एका उपविभागीय कचेरीत कारकून म्हणून लागलो. आमचे हेडक्लार्क माणसांना त्यांच्या गावाच्या नावाने हाक मारत. शिपाई खर्ड्याचा होता, म्हणून तो खर्डा. "खर्डा, चहा सांग. पारनेर, फाईल घेऊन इकडे या." नानांना मात्र ते मत्स्यावतार म्हणत. अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची कोणाचीच छाती नव्हती, कारण नानांच्या तोंडाला लागून आजवर कोणी जिंकलं नव्हतं.

मत्स्यावतार म्हणायचं कारण त्यांची वही. खात्याच्या छापील वहीत चार रकाने असत: तारीख, वेळ, पट्टीवरचा आकडा आणि शेवटी दीड इंच रुंदीचा शेऱ्याचा रकाना. पट्टी वाकली, वाहून गेली, रंग उडाला, तर तिथे लिहायचं. नाना त्या दीड इंचात अख्खी नदी बसवायचा प्रयत्न करत. बारीक, तिरकं अक्षर. रकाना भरला की समासात, समास भरला की वहीच्या कडेने उभं. काही शेरे मला अजून पाठ आहेत. 'पाण्याला लोखंडाचा वास. वर धरणाच्या कामावर काही धुतले असावे. चौकशी व्हावी.' 'पाणमांजराची जोडी डोहाच्या वरल्या अंगाला. पिल्ले तीन.' 'धोबी पाखरे आली. मागल्या सालापेक्षा चार दिवस उशीर.' आणि एकदा नुसतंच, 'आज नदी बरी आहे.'

नानांचं केंद्र धरणाच्या खाली चार मैलांवर होतं. मी लागलो तेव्हा धरण पुरं व्हायचं होतं आणि नदी मधल्या मोकळ्या भागातून वाहत होती. केंद्राच्या जरा खाली एक डोह होता. काळ्या खडकातला, खोल, कडेने लव्हाळे. आजवर तो कोणी आटलेला पाहिला नव्हता. काठावर भोयांची पाच घरं. ती डोहातल्या माशांवर आणि उन्हाळ्यात वाळूत लावलेल्या खरबुजांवर जगत. नाना जातीने शेतकरी, गावात त्यांची सहा एकर जिरायत होती. पण ती भाऊ करायचा, नाना डोहापाशीच असत.

पावसाळ्याचं पहिलं गढूळ पाणी आलं की मासे अंडी घालायला वरच्या अंगाला चढतात. डोहाच्या तोंडाशी खडकाची एक पायरी होती, तिथे ते उड्या मारून वर जात. पाट्या घेऊन बसलं की मासे आपोआप पाटीत. त्या आठ दिवसांत नाना छत्री घेऊन त्या खडकावर ठाण मांडत आणि कोणालाही पाटी लावू देत नसत. एरवी हा माणूस मरळीचं कालवण भांडं चाटून पुसून खाणारा. एका भोईणीने एकदा मुद्दाम माझ्यादेखत त्यांना छेडलं.

"नाना, ताटात मासा घेता तवा इचारता का त्याला, पोटुशी हाईस का म्हून?"

"इचारतो की. म्हून तर हे आठ दिस खात न्हाई."

"मग आमी काय खावं?"

"माजं डोस्कं खा. रोज खातीयासच."

ती हसत पाटी उचलून गेली. पण गेली हे खरं. पाचही घरं ते आठ दिवस पाळत.

मीटर त्यांना मान्य नव्हता. पट्टी फुटांची जाऊन मीटरची आली तेव्हा त्यांनी वहीत आधी फूट-इंच लिहिले आणि त्याखाली कंसात मीटर. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "ह्या नदीला मीटर ठावं न्हाई. सायबाला ठावं हाय, म्हून त्येच्यासाठी कंसात लिवलंय."

मला ते आवडत. आणि मला त्यांची धास्तीही वाटे, कारण त्यांच्या वह्या उतरवून काढायचं काम माझ्याकडे होतं. दर महिन्याला वहीवरून एक मासिक पत्रक करायचं आणि वरच्या कचेरीला धाडायचं. पत्रकाखाली छापलेलं असे, 'मूळ नोंदींशी पडताळून पाहिले.' त्याखाली माझी सही. पहिल्या महिन्यात मी नानांचे शेरे प्रामाणिकपणे उतरवले, पाणमांजराच्या पिल्लांसकट. हेडक्लार्कांनी पत्रक बघितलं आणि चष्मा काढला.

"पारनेर, वरच्या ऑफिसला आपण काय पाठवतो?"

"पाण्याची माहिती."

"पाण्याची. मासे नाही पाठवत. शेऱ्यात निरंक लिहा."

सरकारी कागदात रकाना कोरा सोडायचा नसतो. सांगण्यासारखं काही नसलं की निरंक लिहायचं. म्हणजे काही नाही. मी नवीन कागद घेतला आणि वरून खाली तीस वेळा निरंक लिहिलं. पुढच्या महिन्यात एकदा लिहून खाली टिंबं दिली. मग ते इतकं सवयीचं झालं की मी नानांच्या शेऱ्यांकडे बघणंही सोडलं. आकडे उतरवायचे, निरंक लिहायचं, सही करायची. वर्ष संपलं की नानांच्या वह्या कचेरीत जमा होत. त्या मी दप्तरखान्यात खालच्या फळीवर बांधून ठेवी.

चूक तिथे झाली, आणि ती समजायला पट्टीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पट्टी अलीकडच्या काठाला होती. उन्हाळ्यात नदी बारीक होऊन पलीकडच्या काठाला सरके आणि पट्टी कोरड्या वाळूत उभी राही. मग आकड्याच्या रकान्यात शून्य लिहावं लागे. नाना शून्य लिहीत, पण शेऱ्यात रोज न चुकता भर घालत: 'पट्टी कोरडी. धार पलीकडून चालू. रुंदी चार हात, खोली वीतभर.' ते नेहमी म्हणत, "पट्टीचा शून्य म्हंजी नदीचा शून्य न्हवं." मी ते ऐकलं होतं. हसलोही होतो. आणि तीन उन्हाळे, दर दिवशी, मी पत्रकात लिहिलं: शून्य. निरंक.

धरणात पाणी अडवायला सुरुवात झाल्यापासून नानांचं हसणं कमी झालं. एका चैत्रात भर दुपारी, आभाळ स्वच्छ असताना, वरून दार उघडून पाणी सोडलं गेलं. कसली तरी चाचणी होती. दोन तासांत नदी कमरेएवढी झाली. भोयांच्या खरबुजांचे वेल वाहून गेले. वाळूच्या बेटावर पिवळ्या चोचीची पांढरी पाखरं उघड्यावरच अंडी घालत, ती अंडी सगळी गेली. मी दुसऱ्या दिवशी काही कागद घेऊन गेलो तेव्हा नाना पायरीवर बसून होते. पाखरं ओरडत पाण्यावर घिरट्या घालत होती.

"पूर येतो तवा नदी आदी सांगती," ते म्हणाले. "वारा बदलतो, पान्याचा रंग बदलतो, मुंग्या अंडी उचलत्यात. ह्यो पूर मुका आला. कुनालाच बोलला न्हाई."

तिसऱ्या वर्षी पाऊस झालाच नाही. तो दुष्काळ आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगावा लागत नाही. धरणात होतं ते पाणी पिण्यासाठी आणि कालव्यासाठी राखून ठेवलं गेलं, आणि ते योग्यच होतं. नदीत एक थेंब सोडायचा नाही असा हुकूम झाला. तरी धरणाचं एक दार नीट बसलेलं नव्हतं, त्यातून गळती होती. त्या गळतीवर चार मैल खाली डोहापर्यंत एक धार पोचत होती. मनगटाएवढी, पण पोचत होती. होळीनंतर ती गळतीही बुजवायची असं ठरलं.

नाना ते ऐकून कचेरीत आले. धुतलेलं धोतर, टोपी. इतके नीट मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. साहेबांच्या टेबलापुढे उभे राहिले, बसा म्हटल्यावरही बसले नाहीत.

"सायब, आमी पानी मागत न्हाई. हाय ती गळती ऱ्हाऊ द्या, पाऊस पडंस्तोवर."

"नाना, लोकांना प्यायला नाही. नदीत सोडलेलं पाणी वाळू पिते."

"वाळू वली हाय सायब. धार तुटली न्हाई म्हून वली हाय. एकदा तुटली का वाळू तापती, मग तुमी धा पट सोडा, डोहाला थेंब गावायचा न्हाई. तुटायच्या आदीच कायतरी करा. डोह गेला तर माशाचं बी जाईल. मासा बाहेरनं आनून नदी हुत न्हाई."

साहेब कडक होते, पण वाईट नव्हते. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "धरणाआधी उन्हाळ्यात इथे धार होती असं कागदावर असेल, तर मी वर लिहितो. खालच्या लोकांच्या वहिवाटीचं पाणी म्हणून धरता येईल. गळती तशीच ठेवू." आणि माझ्याकडे वळून, "मागची पत्रकं काढा."

नानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची ती खात्री मी विसरू शकत नाही. त्यांनी रोज लिहिलं होतं ना!

मी पत्रकं आणली. साहेबांनी चैत्र-वैशाखाचे महिने काढले. शून्य, निरंक. शून्य, निरंक. त्यांनी बोट खालपर्यंत नेलं.

"इथे तर प्रवाह निरंक आहे."

ते शेऱ्याच्या रकान्यातलं निरंक होतं. सांगण्यासारखं काही नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. पण शून्याच्या शेजारी बसून त्याचा अर्थ नदीत पाणी नाही असा झाला होता.

"आसं कसं?" नाना म्हणाले. "म्या लिवलंय. रोज लिवलंय. माज्या वह्या काडा."

"मूळ वह्या कुठे आहेत?" साहेबांनी मला विचारलं.

वह्या भिंतीपलीकडे होत्या. खालच्या फळीवर, माझ्याच हाताने बांधलेल्या. त्या टेबलावर आल्या असत्या तर तीन वर्षांच्या पत्रकांखालची माझी सही खोटी ठरली असती. त्या महिन्यात मी नोकरीत कायम व्हायचा होतो. पारनेरला आईने लग्न ठरवलं होतं. हे सगळं मी नंतर स्वतःला कारण म्हणून सांगितलं. त्या क्षणी फक्त भीती होती. हेडक्लार्क आपल्या खुर्चीवरून माझ्याकडे बघत होते. त्यांना माहीत होतं. त्यांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली.

"त्या वर पाठवल्या, साहेब," मी म्हणालो. "नव्या जागेत बांधून ठेवल्यात म्हणे. सापडायला वेळ लागेल."

"मग माझा नाइलाज आहे, नाना," साहेब म्हणाले. "कागदाशिवाय मी कशावर लिहू?"

नाना दारापर्यंत गेले आणि माझ्या टेबलापाशी थांबले. कचेरीतल्या कारकुनालाही ते रावसाहेबच म्हणत. हळूच म्हणाले, "रावसाहेब, वर म्हंजी कुठं? नगरला का पुण्याला? म्या जातो. पायी जातो. तुमी फकस्त जागा सांगा."

मी म्हणालो, "विचारून सांगतो."

होळीनंतर गळती बुजवली. आठव्या दिवशी धार तुटली. मी रोज ठरवत होतो की आज दप्तरखान्यात जाऊन वह्या काढायच्या आणि साहेबांपुढे ठेवायच्या. रोज किल्ली हातात घेत होतो. एकदा कुलूपही उघडलं, गठ्ठा हाताला लागला, आणि कोणाची तरी चाहूल लागली म्हणून पुन्हा आत सारला. तो शिपाई होता. खर्डा. झाडायला आला होता.

डोह लगेच मेला नाही. आधी पाण्याचा रंग हिरवा झाला, मग त्यावर साय धरली. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडी ठेवत. भोयांनी जाळी टाकणं आपणहून बंद केलं, कारण हाताने मासा निघत होता आणि ते त्यांना बघवत नव्हतं. आसपासच्या गावांतून मात्र लोक टोपल्या घेऊन आले. त्यांना तरी काय बोलायचं, घरात जोंधळा नव्हता. बगळे आणि घारी माणसांना न भिता शेजारी उतरत. पाणमांजरं एका सकाळी कोरड्या पात्रातून वरच्या दिशेने चालत जाताना भोयांनी पाहिली. पुन्हा कोणाला दिसली नाहीत.

शेवटच्या आठवड्यात नानांनी आणि भोयांनी मोठे मासे बैलगाडीवरच्या पिंपात घालून गावच्या विहिरीवर नेले. बी वाचवायचं म्हणून. मी तिथे होतो. विहिरीवर हंड्यांची रांग. एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून आडवी आली.

"माणसाला पानी न्हाई आनि तुमी मासं घालताय व्हय हिरीत?"

"मावशे, मासं पानी पीत न्हाईत. नुसतं ऱ्हात्यात."

"घान करत्यात."

"तुजा नातू पोहतो तवा काय गंगाजळ करतो का?"

रांगेतल्या बाया हसल्या. म्हातारीलाही हसू आलं. अकरा मासे विहिरीत सोडले. वैशाखात विहिरीचाही तळ दिसला.

त्या दिवसांत मी पत्रकात नानांचे शेरे अक्षर न अक्षर उतरवायला लागलो होतो. 'पट्टी कोरडी. धार नाही. डोहाची खोली गुडघाभर.' 'घोटाभर.' 'चिखल. वाम मासे चिखलात गाडून घेऊन आहेत.' हेडक्लार्कांनी ती तशीच पुढे जाऊ दिली. एकही पत्रक परत आलं नाही, की त्यावर कोणी काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण पहिलं पाणी धरणाने ठेवून घेतलं. नाना आठ दिवस खडकावर छत्री घेऊन बसले. चढायला मासे नव्हते आणि पाटी लावायला माणूस नव्हता. भोयांची तीन घरं उठून कारखान्यावर ऊस तोडायला गेली होती. मी त्याआधीच कायम झालो होतो. लग्नही झालं होतं. नानांनी मला वह्यांची जागा पुन्हा विचारली नाही, याचा अर्थ मी बराच काळ शोधत राहिलो.

माझी बदली झाली तेव्हा त्या तीन वह्या मी पिशवीत घालून घरी आणल्या. ती चोरीच. ट्रंकेत तळाशी ठेवल्या. बायकोला सांगितलं, जुने कागद आहेत. पुढे नगरला आलो. नाना निवृत्त होऊन भिंगारला लेकीकडे राहतात, जावई छावणीत नोकरीला आहे, हे मला कळल्यालाही सहा वर्षं झाली होती. भिंगार म्हणजे सायकलवरून अर्धा तास. सहा वर्षं मी बाजाराला दुसऱ्या रस्त्याने जात होतो.

शेवटी एका रविवारी सकाळी गेलो. का त्याच रविवारी, ते सांगता येत नाही. ते ओट्यावर घोंगडीवर बसले होते. दृष्टी जवळजवळ गेली होती. आवाजावरून ओळखलं.

"रावसाहेब का?"

मी पिशवीतून वह्या काढून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी पुठ्ठ्यावरून, शिवणीवरून बोटं फिरवली. बराच वेळ.

"ह्या वर गेल्या हुत्या न्हवं?"

"नाही, नाना. तेव्हाही कचेरीतच होत्या. पलीकडच्या खोलीत. मी खोटं बोललो."

आतून त्यांची लेक चहा घेऊन आली, आम्हा दोघांकडे बघून कप खाली ठेवून परत गेली. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या आल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"वाच," ते म्हणाले.

"कुठून?"

"चैतापासनं."

मी वाचू लागलो. 'पट्टी कोरडी. धार पलीकडून चालू. रुंदी चार हात.' पुढचा दिवस. पुढचा दिवस. ते मान खाली घालून ऐकत होते. एका माशाच्या नावाशी मी अडखळलो तर म्हणाले, "मळं न्हवं, शिवडं. नीट वाच." तीन उन्हाळे वाचून होईपर्यंत ऊन ओट्यावर आलं होतं आणि चहावर साय धरली होती.

"खाली जागा हाय का?"

शेवटच्या पानावर दोन ओळींची जागा होती.

"लिही. तुज्या अक्षरात. झालं त्ये."

मी पेन काढलं. काय लिहायचं ते मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मग लिहिलं, आणि त्यांना वाचून दाखवलं: 'उन्हाळ्यात नदीला धार होती. या वह्या कचेरीतच होत्या. त्या मी दाखवल्या नाहीत.'

"तारीख घाल."

मी त्या रविवारची तारीख घालायला लागलो. पेनाचा आवाज ऐकून त्यांनी माझं मनगट धरलं.

"आजची न्हवं. त्या दिसाची."

"मागची तारीख घालता येत नाही, नाना," माझ्या तोंडून निघून गेलं. तीस वर्षांच्या जवळ आलेली नोकरी बोलली.

त्यांनी मनगट सोडलं नाही. त्यांची पकड अजून चांगली होती.

तो दिवस कोणता होता हे मला आठवावं लागलं नाही. मी तारीख लिहिली आणि खाली पूर्ण नावाने सही केली.